कूलर बंद झाला की

मृगाचा पाऊस पडला की नागपुरात घरोघरचे कूलर थांबतात आणि आमच्या घरी बाबांची झोप उडते. उन्हाळाभर ते छान झोपतात. खिडकीला कूलर असतो, ओल्या खसमधून वारा येत असतो, पंपाचं पाणी रात्रभर झिरपत असतं आणि या सगळ्याचा मिळून एक सलग आवाज खोलीत भरलेला असतो. नवतपा सरतो, हवा गार होते, कूलर बंद होतो. मग पहिल्याच निवांत रात्री बाबा अंथरुणात उठून बसलेले दिसतात.

"काहून उठले, बाबा?"

"वाजून राहिलं नं."

वाजतं ते त्यांच्या कानात. बाहेर काहीही नसतं. रातकिड्यासारखी बारीक, न थांबणारी किर्र. डाव्या कानात जास्त, उजव्यात थोडी कमी. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितलेत, त्यात कर्णनाद आहे, म्हणजे तक्रार जुनीच. २०२२ साली 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना हा आवाज कधी ना कधी ऐकू येतो, म्हणजे ७४ कोटींहून जास्त माणसं. त्यातल्या १२ कोटींना तो तीव्र स्वरूपात छळतो.

मी डॉक्टर नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. पीजीच्या मुलांना प्रबंधासाठी शोधनिबंध काढून देणं हे माझं रोजचं काम. कान-नाक-घशाच्या मुलांसाठी टिनिटसवरचे निबंध काढता काढता मी ते स्वतः वाचायला लागले, कारण घरी तो माणूस होता. या लिखाणामागचं कारण एकच. बाबांना आयुष्यभर ज्यांनी ज्यांनी तपासलं, त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "याला इलाज नाही, सवय करून घ्या." हा आवाज बंद करणारी गोळी नाही, हे खरं आहे. पण त्या वाक्यावर माणसाला घरी पाठवणं मला मान्य नाही, कारण करता येण्यासारखं खूप काही आहे आणि त्याचा पुरावाही आहे.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल. आज गांधीसागर तलावाजवळ तिथे मॉल उभा आहे. बाबा विणकाम खात्यात लागले तेव्हा विशीतही नव्हते. शेकडो माग एकाच छताखाली, प्रत्येकाचा धोटा इकडून तिकडे आपटतोय, जमीन पायाखाली थरथरते. तिथला आवाज कोणी मोजून बाबांना सांगितला नाही. पण स्कॉटलंडच्या डंडी शहरात तागाच्या मागांवर काम करणाऱ्या बायकांचा असा अभ्यास झाला होता, १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. टेलर, पिअर्सन, मेअर आणि बर्न्स हे त्याचे लेखक. तिथल्या माग-खात्यात आवाज १०० डेसिबलच्या आसपास होता. त्या बायकांची श्रवणचाचणी केल्यावर दिसलं की पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच ४००० हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे उंच पट्टीचं, ऐकणं झपाट्याने खाली जातं, मग तिथली घसरण मंदावते, आणि पुढच्या दशकांत २००० हर्ट्झचं, म्हणजे बोलणं समजायला जे लागतं ते, ऐकू येणं कमी होतं.

हा निबंध मी ज्या दिवशी वाचला त्या दिवशी घरी येऊन बाबांचा जुना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, काढला. तोच खड्डा. ४००० वर रेषा खाली गेलेली, ८००० वर थोडी वर आलेली. ताग आणि कापूस वेगळा, देश वेगळा, पण कानाचा आलेख एकच. डंडीच्या विणकर बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या, असंही नोंदवलेलं आहे. बाबांना ते सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मंग! मागावर बोलनं नसे, तोंड पाहनं असे." ते अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलतात. आई पाठमोरी असताना काही बोलली तर उत्तर येत नाही. त्यावरून आमच्या घरात किती भांडणं झाली असतील. आईला वाटायचं, मुद्दाम करतात.

४००० हर्ट्झच का, याचं उत्तर कानाच्या रचनेत आहे. बाहेरच्या कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवून आत पाठवते, आणि आतल्या शंखाकृती कॉक्लियात इजा होते ती आलेल्या आवाजापेक्षा जरा वरच्या पट्टीच्या जागी. त्या कॉक्लियात प्रत्येक कानात आतल्या रांगेच्या साधारण ३५०० आणि बाहेरच्या रांगांच्या साधारण १२,००० केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या परत उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात. कोंबडीच्या पिलाचा कान मोठ्या आवाजाने खराब केला तरी त्याच्या केशपेशी पुन्हा तयार होतात, हे १९८० च्या दशकात समजलं आणि तेव्हापासून माणसात तसं घडवून आणायची धडपड सुरू आहे. एफएक्स-३२२ नावाचं औषध कानात टोचून बघण्याची एक चाचणी बरीच गाजली होती. २०२३ साली ती अपयशी ठरली.

अमेरिकेतली नायोश ही कामगार-आरोग्याची संस्था म्हणते, ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत करत १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. बाबांची पाळी आठ तासांची होती.

आता त्या आवाजाचा उगम. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते, कारण ती समजली की उपचारांचा सगळा विचारच बदलतो. आवाज कानात ऐकू येतो म्हणजे तो कानात तयार होतो, असं कोणालाही वाटेल. पण श्रवणाच्या नसेवरची गाठ काढताना ज्यांची ती नसच कापावी लागली, अशा रुग्णांची माहिती हाऊस आणि ब्रॅकमन या शल्यविशारदांनी १९८१ साली मांडली. कानाचा मेंदूशी संबंध तुटला, तरी त्यातल्या बऱ्याच जणांचा आवाज गेला नाही. कानाकडून काही येतच नसताना ऐकू येत होतं. म्हणजे सुरुवात कानातल्या इजेतून होते, पण आवाज चालू राहतो तो मेंदूच्या श्रवणमार्गात. ज्या पट्टीची खबर येणं बंद झालं, त्या पट्टीच्या चेतापेशी गप्प बसत नाहीत, त्या स्वतःची संवेदनशीलता वाढवतात. मग काहीही नसताना त्या चेततात आणि माणसाला किर्र ऐकू येते. बाबांची शिट्टी ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, यंत्रावर जुळवून बघितली तेव्हा ती पाच-सहा हजार हर्ट्झच्या दरम्यान निघाली, म्हणजे जिथे त्यांचं ऐकणं गेलंय त्याच पट्ट्यात.

आणि त्याच चाचणीत दुसरी गोष्ट कळली. त्या शिट्टीची मोठाई त्यांना ऐकू येणाऱ्या किमान पातळीच्या जेमतेम काही डेसिबल वर होती. इतकी हळू! बहुतेक रुग्णांत असंच दिसतं. आवाज इतका बारीक, तर मग माणूस रात्र रात्र जागा का राहतो?

याचं उत्तर शोधताना दोन अभ्यास हाती लागले. पहिला १९५३ चा, हेलर आणि बर्गमन यांचा. त्यांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना एकेक करून पूर्ण ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं लिहिलं. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी वाजतं. दुसरं काम पावेल जॅस्ट्रेबॉफ यांचं, १९९० चं. त्यांचं म्हणणं असं की त्रास ठरतो तो मेंदू त्या आवाजाला काय अर्थ लावतो त्यावर. मेंदूने तो धोक्याचा मानला, की भीतीची आणि सावधतेची यंत्रणा जागी होते. ती जागी झाली की आवाजावरचं लक्ष हटत नाही, आणि लक्ष हटलं नाही की भीती वाढते.

हे मला आधी जरा पुस्तकी वाटलं होतं. मग एकदा बाबांशी बसून बोलले. विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हे काय वाजतं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले वाटे का एखाद्या दिवशी डोक्यातली नस फुटन." त्यांचे मेहुणे पक्षाघाताने गेले होते, आणि जायच्या आधी काही दिवस कानात आवाज येतो म्हणत होते. तेव्हापासून बाबांच्या मनात ते घर करून बसलं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. इतकी वर्षं हा माणूस रोज रात्री नस फुटण्याची वाट बघत झोपायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला कोणी एका वाक्यात सांगितलं नाही की तुमच्या कानातल्या पेशी मागाच्या आवाजाने गेल्यात आणि मेंदू ती जागा भरून काढतोय, यात जिवाला काही नाही.

डाव्या-उजव्यात फरक असल्यामुळे एमआरआय सांगितला गेला. तो योग्यच होता आणि साफ आला. रिपोर्ट हातात घेऊन मी बाबांना त्यातली ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. त्या आठवड्यात त्यांची झोप सुधारली. शिट्टी तशीच होती.

आता गोळ्यांबद्दल लिहिते, कारण आपल्याकडे पैसा तिथेच जातो. बाबांचा गोळ्यांचा डबा उघडला की बीटाहिस्टिन, गिंको या झाडाच्या पानांचा अर्क, झिंक आणि नसांच्या ताकदीच्या म्हणून दिलेल्या जीवनसत्त्वांची पाकिटं निघायची. बीटाहिस्टिन हे मेनिएरच्या आजारात, म्हणजे चक्कर, बहिरेपणा आणि कानातला आवाज यांचे एकत्र झटके येतात त्यात, खूप वापरलं जातं. प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये दाखवून दिलं होतं की ही चक्कर आतल्या कानातून येते. बाबांना चक्कर कधीच नव्हती. नुसत्या टिनिटससाठी बीटाहिस्टिनचा उपयोग होतो का, हे कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात तपासलं गेलं, आणि उपयोग होतो असं दाखवणारा पुरावा मिळाला नाही. गिंकोचंही तेच, २०२२ च्या आढाव्यात. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गिंको, झिंक, मेलॅटोनिन यांची शिफारस करू नये असं स्पष्ट लिहिलंय. नैराश्याची किंवा फिट्सची औषधंही केवळ टिनिटससाठी म्हणून सरसकट देऊ नयेत, असंही म्हटलंय. नैराश्य असेल तर त्याचा उपचार जरूर करायचा, तो मुद्दा वेगळा.

मिलच्या निवृत्त कामगाराच्या घरात दरमहा या गोळ्यांवर जाणारा पैसा म्हणजे काय, हे मला माहीत आहे. तोच पैसा साठवून श्रवणयंत्र आलं असतं. यावर मला मनापासून चीड येते. लिहून देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, रुग्णाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं असा विचार असतो, हे कळतं मला. पण रिकामा हात आणि गोळी यांच्या मधे बरंच काही आहे.

पहिलं श्रवणयंत्र. त्याच २०१४ च्या सूचनांत ते ठळकपणे आहे. ऐकणं कमी झालंय आणि टिनिटस सतत छळतोय, तर श्रवणयंत्राची तपासणी करून घ्या. कारण साधं आहे. जी पट्टी मेंदूपर्यंत पोचत नाही ती यंत्राने पोचवली, तर मेंदूला स्वतःहून जागा भरायची गरज कमी होते, आणि बाहेरचे छोटे छोटे आवाज परत ऐकू यायला लागले की आतल्यावरचं लक्ष सैल होतं. बाबांनी यंत्र लावायला खूप विरोध केला. "बहिरा आहो का मी?" असं विचारायचे. मग लावलं. पहिल्या दिवशी पंख्याचा आवाज, नळाचा आवाज, पोळपाटाचा आवाज, सगळ्याने वैतागले. ऑडिओलॉजिस्टने आवाज कमी-जास्त करून दिला, मुलगी फार चांगली होती, घाई करत नव्हती. काही आठवड्यांनी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि बाबांनी हॉलमधून ओ दिली. आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

दुसरं, त्रास मोजणं. १९९६ साली न्यूमन, जेकबसन आणि स्पिट्झर यांनी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. हो म्हटलं तर ४ गुण, कधीकधी म्हटलं तर २, नाही म्हटलं तर शून्य. शंभरपैकी जितके जास्त गुण तितका त्रास मोठा. आवाज किती मोठा हे त्यात विचारतच नाहीत. चिडचिड होते का, झोप लागते का, लोकांत बसणं टाळता का, हतबल वाटतं का, असं विचारतात. मी ते प्रश्न बाबांना आमच्या बोलीत विचारले. "या आवाजाच्यानं तुमाले घरच्यावर राग येते का?" यावर त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "तिलेच इचार." ५४ गुण झाले, म्हणजे मध्यम त्रासाच्या वरच्या टोकाला. मला हा आकडा फार मोलाचा वाटला. कारण "त्रास होतो" या शब्दांवर कोणी काही लिहून घेत नाही, ५४ वर लिहून घेतात, आणि पुढच्या वेळी तो कमी झाला की नाही हे बघता येतं.

तिसरं, बोधात्मक वर्तन उपचारपद्धती, सीबीटी. हिच्यामागे टिनिटससाठी सगळ्यात भक्कम पुरावा आहे. कॉक्रेनचा २०२० चा आढावा २८ अभ्यासांचा आणि २७३३ रुग्णांचा होता. उपचाराच्या प्रतीक्षायादीवर असलेल्यांच्या तुलनेत सीबीटी मिळालेल्यांचे त्या प्रश्नावलीवरचे गुण सरासरी ११ ने कमी झाले, आणि ७ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याइतका मानला जातो. आवाज तेवढाच राहतो, त्याचा छळ कमी होतो. हा उपचार म्हणजे मन घट्ट करा असा उपदेश नाही. "झोप लागणार नाही, उद्याचा दिवस वाया जाणार, नस फुटणार" ही साखळी कुठे सुरू होते ते शोधून ती एकेक कडी तपासायची. झोपेच्या वेळा नीट करायच्या. टाळलेल्या जागी, लग्नाला, पारावर, परत जायला लागायचं. स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन यांनी २००२ सालीच इंटरनेटवरून असा उपचार देऊन त्याची चाचणी केली. माझी इच्छा आहे की हे मराठीत, आमच्या नागपुरी बोलीतल्या उदाहरणांसकट, कोणीतरी करावं. मानसशास्त्राच्या आणि ऑडिओलॉजीच्या मुलांना हा प्रबंधाचा विषय मी सुचवत असते.

आणि कूलर. बाबांना जे उन्हाळ्यात आपोआप मिळतं ते औषध म्हणून दोनशे वर्षांपूर्वी वापरलं गेलंय. झाँ इतार या फ्रेंच डॉक्टरांनी १८२१ साली कानाच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात कानातल्या आवाजाने झोप न येणाऱ्यांना खोलीत धडधडत जळणारा विस्तव ठेवायला सांगितलं आहे, आणि पाणचक्कीच्या आवाजाचाही उपाय दिला आहे. पुढे अमेरिकेत चार्ल्स युनिस नावाचे डॉक्टर होते, त्यांना स्वतःला जबरदस्त टिनिटस होता. १९७० च्या दशकात ते ऑरेगॉनमध्ये जॅक व्हर्नन या संशोधकांना भेटायला गेले. पोर्टलँड शहरात फिरताना ते एका कारंज्यापाशी थांबले आणि तिथून हलेनात, कारण त्या पाण्याच्या आवाजात त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. त्यातून व्हर्नन यांनी कानात घालायचं मास्कर, म्हणजे आतला आवाज झाकणारं, यंत्र तयार केलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या खिडकीतल्या पंपाचं पाणी आठवलं आणि मी तो परिच्छेद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

पुढे जॅस्ट्रेबॉफ यांच्या पद्धतीत एक महत्त्वाचा बदल झाला. बाहेरचा आवाज इतका मोठा लावायचा नाही की आतला बुडून जाईल. दोन्ही ऐकू आले पाहिजेत, म्हणजे मेंदूला आतल्या आवाजाची सवय होते. म्हणून आम्ही पावसाळ्या-हिवाळ्यात बाबांच्या खोलीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावतो, मोबाइलवर पावसाचा आवाज बारीक ठेवतो. हिवाळ्यात फॅनची हवा अंगावर नको, आवाज हवा.

नव्या यंत्रांबद्दल लोक मला विचारतात. आयर्लंडच्या एका कंपनीचं लेनायर नावाचं यंत्र आहे, त्यात हेडफोनमधून आवाज आणि त्याच वेळी जिभेवर सौम्य विद्युत स्पंदनं देतात. त्याची ३२६ रुग्णांवरची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने त्याला परवानगी दिली. त्या चाचणीत उपचाराचे वेगवेगळे प्रकार एकमेकांशी ताडून पाहिले होते, खोट्या उपचाराचा गट नव्हता. टिनिटसमध्ये नुसत्या आशेनेही गुण बरेच कमी होतात, त्यामुळे मी तरी थांबून बघेन. मला जास्त विश्वास वाटतो तो मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोअर यांच्या कामाबद्दल. जबड्याच्या आणि मानेच्या नसा मेंदूतल्या श्रवणकेंद्राच्या पहिल्याच थांब्यावर येऊन मिळतात, हे त्यांनी प्राण्यांत वर्षानुवर्षं अभ्यासलं. म्हणूनच दात आवळले किंवा मान वळवली की अनेकांचा आवाज बदलतो. बाबांचा बदलतो, दात आवळले की शिट्टी चढते. शोअर यांनी आवाज आणि त्वचेवरची स्पंदनं विशिष्ट क्रमाने देऊन ९९ जणांवर चाचणी केली, त्यात तुलनेसाठी नुसत्या आवाजाचा टप्पाही होता. २०२३ साली निकाल आले, ते आशादायक आहेत. पण ती दात-मान हलवून आवाज बदलणाऱ्या रुग्णांपुरतीच होती.

तरुणांसाठी एक अभ्यास सांगायलाच हवा. माझा भाचा ढोलपथकात आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर दोन दिवस त्याला कान बधिर वाटतात, शिट्टी वाजते, मग बरं वाटतं. तो म्हणतो, बरं झालं म्हणजे काही झालंच नाही. हार्वर्डच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवर नेमकं हेच तपासलं. मोठ्या आवाजानंतर उंदरांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, केशपेशी शाबूत होत्या, पण केशपेशी आणि नस यांना जोडणारे निम्म्याच्या आसपास सांधे काही भागांत कायमचे गेले होते. २०११ साली शेट आणि मॅकअल्पाइन यांनी ऑडिओग्राम अगदी व्यवस्थित असलेल्या, पण टिनिटस असलेल्या लोकांच्या नसेचा पहिला प्रतिसाद क्षीण असल्याचं दाखवलं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं ज्यांना ऐकावं लागलंय त्यांनी हे लक्षात ठेवावं. भाच्याला मी फोमचे इअरप्लग घेऊन दिलेत. आता त्याच्या पथकातली आणखी काही पोरं ते घालतात. मारबतीच्या मिरवणुकीत, डीजेसमोर, लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे राहणाऱ्या बापांकडे बघून माझा जीव तुटतो. त्या मुलांच्या केशपेशी तेवढ्याच आहेत, आयुष्यभरासाठी.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. एका सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला आणि शिट्टी सुरू झाली, तर तो मळ असेल म्हणून गरम तेल घालत बसू नका. अचानक येणाऱ्या नसेच्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर ते लवकर, पहिल्या काही दिवसांत आणि फार तर दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचे ते दिवस लसणाच्या तेलात गेले, तो कान परत आला नाही. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याचा लुळेपणा असेल, तर ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत हा विभाग आहे.

ज्यांच्या घरी मिलमधले, माग चालवलेले, कोळसा खाणीत किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत राबलेले कोणी असेल, त्यांना माझी विनंती आहे. त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्या, ती वेदनारहित असते आणि अर्ध्या-पाऊण तासात होते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवावा लागणारा, आजार आहे, म्हणून अजून नोकरीत असलेल्यांनी कामाची माहिती डॉक्टरांना सांगून ती कागदावर लिहून घ्यायला हवी. श्रवणयंत्र परवडत नसेल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी करा, त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यातही श्रवणयंत्र मिळतं. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, किंवा कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन घेतलं असेल तर ते आठवणीने सांगा, कारण ही औषधं केशपेशींना मारतात. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि प्रश्नावली घरीच भरून न्या. बाबांचे गुण गेल्या वेळी तिशीच्या आत होते.